दातदुखीचा संत

मरोळच्या गावठाणात, चर्चच्या मागच्या खोलीत
मेणबत्त्यांची खोकी आणि नाताळच्या गोठ्यातला
एका कानाचा बैल बाजूला सारून
बस्त्याव रुमाव यांनी त्याला टेबलावर आडवा केला.
"जपून हां. गालाला हात लावलात की मनात मागून घ्या.
दाढेवर गुण येतो."

काडीला कापूस गुंडाळते,
जिभेवर फिरवते, मग त्याच्या कपाळावर.
रसायनं आहेत पेटीत, महागडी,
पण दीडशे वर्षांच्या मेणबत्तीच्या काजळीला
थुंकीइतकं सौम्य काही नाही.
पहिल्याच वर्षी शिकवतात हे.
आमच्या घराण्यात कुणा एकाच्या गळ्यात
थुंकीसाठी मडकं असायचं.
किती पिढ्यांमागे?
आजोबा बोटं मोजायचे आणि चुकायचे.

चौकटीमागे चिकटलेला कागद,
तिरकी जर्मन अक्षरं.
कालिन्याची मैत्रीण फोनवर वाचत गेली:
वोल्फराम आदेलबर्ट. बिशप, आणि त्याच मुलखाचा राजा.
संस्थानिक म्हण, ती म्हणाली, पण मिस्सा सांगणारा.
तिसरा मुलगा. थोरल्याला किल्ला, मधल्याला फौज,
ह्याला नवव्या वर्षी टाळूवर गोल तासून
देवाला दिला.
(देवाला आमच्याकडेही द्यायचे. मुलींना.
त्यांना राज्य मिळत नसे.)

तेविसाव्या वर्षी निवडून आला, एका मताने.
त्या एका मताला सत्तर पिंपं वाईन लागली.
पहिली मिस्सा त्यानंतर सात वर्षांनी,
तोवर शिकारी कुत्री, मिठावर जकात,
नाण्यावर स्वतःचं नाक.

मग एका मे महिन्यात दहिवर गोठलं,
द्राक्षं वेलीवरच काळी पडली
आणि कुणीतरी कारण असायलाच हवं, म्हणून
बावीस बायका.
नावं नाहीत कागदावर. आकडा आहे,
आणि लाकडांचा खर्च.
पहिल्या सह्या लफ्फेदार होत्या म्हणे,
अकराव्या हुकमापासून हात कापतो.
कापतो, थांबत नाही.

"पुढचं वाचू?"
काडी ओठांशी होती माझ्या.
वाच.

पुढे शत्रूची फौज आली, हा गवताच्या गाडीतून पळाला.
वाटेत दाढ किडली. न्हाव्याने अर्धीच उपटली.
चितारी प्रामाणिक होता,
त्याने गाल सुजलेलाच ठेवला.
मेल्यावर धड कॅथीड्रलात पुरलं, काळीज डोंगरावरच्या मठात.
दाढेचं कुठेच काही नाही.

ती इथे निघाली.
कुणा पाद्रीबाबाच्या पेटाऱ्यातून बोटीने आला,
सामानाच्या यादीत 'एक चित्र, मोठं',
आणि गाव बघत राहिलं त्या गालाकडे.
वेदना कळते म्हणजे संतच असणार.

डोक्यामागचं वलय मात्र जर्मन नाही.
दरवाजाचा पिवळा रंग तो, दोन ओघळ मानेवर.
"माझ्या आज्याचा हात," बस्त्याव म्हणाले,
थोडे लाजून, थोडे नाही.
उजव्या हातात माडाची झावळी, तीही आज्याचीच.
खाली काहीतरी चकाकतं.
खरवडलं बोटभर: पोलाद.

"वलय काढू नका, बाई. माणसं येतात.
गेल्या महिन्यात रिक्षावाला अन्सारी आला होता,
गालाला फडकं बांधून."

वलय ठेवलं.
झावळी काढली, पात पात करत, चार दिवस,
मुठीपासून टोकापर्यंत तलवार उघडी केली.
बस्त्याव चष्मा पुसून बघत राहिले.
"बरं झालं," म्हणाले शेवटी,
"दाढ उपटायला हत्यार लागणारच की."

मला हसू आलं, मग ते घशात अडकलं.
अहवालात लिहिलं: चेहरा स्वच्छ. वलय नंतरचं, राखलं.
शेरा या रकान्यात: लाकडांचा खर्च, जर्मन नाण्यांत,
तो आकडा, जसाच्या तसा.

पाच वाजता तोंड कोरडं ठक्क.
आवारातल्या नळाशी चूळ भरली
आणि थुंकले,
जमिनीवर, सगळ्यांदेखत.